एकिडना शिकायचाय? आधी काटे विसरा

ॲडलेडला एमएस्सीला आले तेव्हा माझ्या डोक्यातला एकिडना, म्हणजे इकडचा एक काटेरी प्राणी, म्हणजे आपलं साळिंदर, फक्त तोंड लांबोडकं. पुढे कळलं, फसणारी मी एकटी नव्हते. १७९२ मध्ये इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज शॉने याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं आणि त्याला थेट दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊंच्या पंगतीला बसवलं! काटे म्हणजे जाड, कडक झालेले केस. साळिंदराला ते वेगळे आले, एकिडनाला वेगळे. त्यावरून सोयरीक जुळवायची नाही.

खरी ओळख मागच्या बाजूला. मल, मूत्र, अंडं, सगळ्याला वाट एकच. म्हणून गण मोनोट्रेमाटा, म्हणजे ‘एकछिद्री’, आणि जवळचा नातलग प्लॅटिपस. अंड्याची गोष्ट तर इथल्याच म्युझियममधली. १८८४ मध्ये तिथला संचालक विल्हेल्म हाके याने कांगारू आयलंडहून आलेल्या मादीच्या पोटपिशवीत हात घातला, तर हाताला अंडं! दचकून त्याने ते चिमटीत असं दाबलं की फुटलंच.

दहावीत पाठ केलेला, सरपटणारे आणि सस्तन प्राणी यांना ‘जोडणारा दुवा’ परीक्षेपुरता ठीक. पण तो डोक्यात राहिला की एकिडना अर्धवट सस्तन वाटायला लागतो. तसं काही नाही. अंगावर केस आहेत, पिल्लू दूध पितं. फक्त स्तनाग्रं नाहीत, दूध त्वचेतून पाझरतं.

जाती चारच, त्या पाठ होतात. आखूड चोचीची एक, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत. लांब चोचीच्या तीन, फक्त न्यू गिनीत. त्यातली झॅग्लॉसस ॲटनबरोई १९६१ मध्ये मिळालेल्या एकुलत्या एका नमुन्यावरून १९९८ मध्ये वेगळी ठरवली गेली. जिवंत प्राणी कॅमेऱ्यात सापडला तो २०२३ मध्ये. वर्गीकरण कधीकधी किती बारीक धाग्यावर लोंबतं, ते यावरून बघा.

फील्डवर प्राणी दिसेल या आशेवर जाऊ नका, लेंडी शोधा. मोडलेल्या काडीसारखी, टोकं बोथट. हातमोजे घालून सुकलेली लेंडी कुस्करली की बरीचशी मातीच निघते, आणि तिच्यात मुंग्यांच्या कवचांचा चुरा उन्हात चमकतो. त्यातून डीएनएही मिळतो, प्राण्याला हात न लावता.

आणि दिसलाच, तर मागे सरा. मला पहिला दिसला तेव्हा मी फोन काढेपर्यंत तो चारही पायांनी उकरत जागच्या जागी खाली बुडाला. वर उरले नुसते काटे. उचलून दुसरीकडे तर मुळीच सोडू नका. मादी असेल तर तिचं पिल्लू तिथेच कुठेतरी बिळात असू शकतं. मी वीस मिनिटं बसले. काटे तेवढे श्वासाबरोबर हलत होते.