ट्यूनर पेडल घेताना आधी दिवे बघा

ट्यूनर पेडल म्हणजे गिटारच्या केबलला जोडून पायाशी ठेवायचं, तार सुरात आहे का ते दिव्यांनी दाखवणारं छोटं यंत्र. माझं पहिलं मी डब्यावरचा आकडा वाचून घेतलं. ‘अचूकता अर्धा सेंट’ असं त्यावर ठळक छापलं होतं. सेंट म्हणजे सुरांमधला फरक मोजायचं बारीक माप, आकडा जितका लहान तितकी अचूकता जास्त. शेजारी ठेवलेलं, किमतीला थोडं वरचं पेडल एक सेंटवालं होतं. कमी पैशात दुप्पट अचूक माल मिळाला म्हणून मी खुशीत घरी आले. आठवड्याभरात उघड्या मैदानात, भर दुपारी वाजवायची वेळ आली. पेडल दाबलं तर दिवे लागलेत की नाही तेच कळेना. गुडघे टेकून, तळहाताची सावली धरून मी सहा तारा लावल्या, आणि तोवर आमचा ड्रमर काठ्या बोटांत फिरवत माझ्याकडे बघत होता.

म्हणून स्वस्त पेडल निवडताना मी तो आकडा शेवटी वाचते. त्याचा अर्थ मात्र समजून घ्या. गिटारवरच्या एका पडद्यापासून पुढच्या पडद्यापर्यंतचं अंतर म्हणजे १०० सेंट. सर्वात जाड तारेचा ई साधारण ८२.४ हर्ट्झचा असतो, आणि तिथे एक सेंट म्हणजे एका हर्ट्झचा जेमतेम विसावा भाग. तीच तार जोरात छेडली तर सूर आधी वर चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. ही चढउतार सहज काही सेंटची असते. म्हणजे पेडलनं वाचवलेला अर्धा सेंट आपला हातच उधळून टाकतो. त्यात जी आणि बी या तारांमधलं अंतर गिटारच्या स्वररचनेतच सा ते शुद्ध गांधार या नैसर्गिक अंतरापेक्षा सुमारे १४ सेंट मोठं आहे. कोणताही ट्यूनर ते मिटवणार नाही. बॅन्डमध्ये वाजवायला एक सेंट पुरे. ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तारांचा खालचा टेकू, मागेपुढे करून इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर सूर बरोबर येणं) तुम्ही स्वतः लावत असाल, तर ०.१ सेंटचा, सरकत्या पट्ट्यांनी सूर दाखवणारा स्ट्रोब प्रकार उपयोगी पडतो. नाहीतर ते पैसे राहू द्या.

दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा. पेडल काउंटरवर ठेवून बघू नका, जमिनीवर ठेवा आणि उभं राहून बघा. मग मोबाइलचा टॉर्च थेट दिव्यांवर मारा. सूर कुठे आहे ते तरीही दिसलं, तर उन्हात दिसण्याची आशा आहे. मोठं अक्षर आणि दोन्ही बाजूंना पसरलेली दिव्यांची रांग मला सुंदर रंगीत स्क्रीनपेक्षा जास्त कामाची वाटते. रंगांवरही फार विसंबू नका. हिरवा आणि लाल एवढाच फरक असेल, तर अंधाऱ्या स्टेजवर तिरक्या नजरेनं गोंधळ होतो.

आता जाड ई वाजवा. स्वस्त पेडलची खरी परीक्षा इथेच होते. काही पेडलं ई दाखवता दाखवता मध्येच बी दाखवतात. त्या तारेचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारा तिप्पट कंपनांचा उपस्वर, बी असतो आणि पेडल मूळ स्वर सोडून त्याच्या मागे लागतं. अशा वेळी नेकजवळचा (गिटारच्या दांड्याकडचा) पिकअप, म्हणजे तारेचा आवाज टिपणारा भाग, निवडा, टोनचा नॉब खाली आणा आणि बाराव्या पडद्याच्या वर अंगठ्यानं हळू छेडा. एवढं करूनही अक्षर उड्या मारत असेल, तर ते पेडल परत काउंटरवर. बेसवालाही तेच पेडल वापरणार असेल तर त्याची सर्वात खालची तार तपासा, ती ४१ हर्ट्झच्या आसपास असते.

पेडल दाबल्यावर आवाज पूर्ण बंद झाला पाहिजे. दोन गाण्यांच्या मध्ये टुंगटुंग ऐकण्यात प्रेक्षकांना रस नसतो. बॉस कंपनीचं १९९८ चं टीयू-२ किंवा त्यानंतर २०१० मध्ये आलेलं टीयू-३ जुन्या बाजारात मिळालं, तर त्याला बाहेर जाणारे दोन जॅक दिसतील. एकातून ट्यूनिंगच्या वेळी आवाज बंद होतो, ‘बायपास’ लिहिलेल्यातून चालू राहतो. आवाज बंद होत नाही म्हणून पेडल बिघडलं असं ठरवण्याआधी केबल कुठे खोचली आहे ते बघा.

ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल थेट तारेतून जाणं) की बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट कायम मध्ये असणं), यावर लोक तावातावानं भांडतात. माझ्या मते प्रश्न केबलच्या लांबीचा आहे. साध्या गिटार केबलमध्ये दर मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास कपॅसिटन्स असतो, म्हणजे वीज साठवण्याचा गुण, आणि तोच वरचे सूर गिळतो. गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत दहा-बारा मीटर वायर झाली, की वरच्या पट्टीतली चमक मंदावलेली ऐकू येते. अशा वेळी पेडलांच्या साखळीत पहिलंच बसवलेलं बफरवालं ट्यूनर फायद्याचं. तुमच्याकडे जुन्या पद्धतीचं फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) असेल तर मात्र त्याला गिटार थेट लागते, ट्यूनर त्याच्यानंतर लावा. कोणता प्रकार आहे हे ओळखायला पेडलची वीज काढा. आवाज तसाच जात राहिला तर ट्रू बायपास. गप्प झालं तर बफर, आणि मग ऐन कार्यक्रमात अ‍ॅडॉप्टर गेला तर तुम्हीही गप्प, हे लक्षात असू द्या.

विजेचं थोडक्यात: बहुतेकांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मधोमध ऋण टोक असतं. पेडलवरची खूण अ‍ॅडॉप्टरवरच्या खुणेशी जुळवून बघा. लहान आकाराच्या पेडलांत बॅटरीला जागाच नसते. एका अ‍ॅडॉप्टरवर पाच-सहा पेडलं लटकवली, तर ट्यूनरची बारीक किणकिण इतरांमधून ऐकू येऊ शकते.

सहाही तारा एकदम छेडून कोणती उतरली ते दाखवणारी पेडलं २०१० पासून मिळतात, टीसी इलेक्ट्रॉनिकचं पॉलिट्यून त्यातलं पहिलं. गंमत आहे, पण लावायची तार शेवटी एकेकटीच. त्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजणार नाही. गिटारच्या टोकाला, खुंट्यांजवळ, चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर घरी एकट्यानं वाजवायला उत्तम. बॅन्डमध्ये मात्र ड्रम आणि बेसचा हादरा लाकडातून त्याच्यापर्यंत पोचतो.

एक बटण जपा. ए स्वर किती हर्ट्झचा धरायचा ते ठरवणारं बटण बऱ्याच पेडलांवर उघडंच असतं. केबल काढताना एकदा माझा अंगठा त्यावर बसला आणि ४४० चं ४४५ झालं. पाच हर्ट्झ म्हणजे जवळजवळ वीस सेंट. पेडल हिरवा दिवा दाखवत होतं, आणि पूर्ण दोन गाणी मी कीबोर्डवाल्याला सूर नीट लाव म्हणून सांगत होते.

जुनं पेडल घेत असाल तर फूटस्विच वीसेक वेळा दाबा, बुटानं, उभं राहून. मध्येच एखादी दाब चुकली किंवा अ‍ॅम्पमधून ठक्क आलं, तर किंमत उतरवून मागा. जॅकमध्ये केबल हलकेच फिरवा आणि खरखर ऐका. बॅटरीचं झाकणही उघडून बघा, आत पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ते पेडल घेऊ नका.