एसव्हीटीची धडधड सुरू झाली की काय करायचं

एसव्हीटी (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया) म्हणजे हृदयातल्या विजेच्या गडबडीने ठोके अचानक वेगाने पडणं. बसल्या जागी, काही कारण नसताना ते एकदम पळायला लागतात. मिनिटाला १५० ते २२०, पण अगदी एका मापाचे. पाच मिनिटांनी, कधी दोन तासांनी, बटण बंद केल्यासारखे ताळ्यावर येतात. भीतीने किंवा तापाने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि उतरतात, हे तसं नाही. हृदयाचा पंप बहुतेकांचा ठणठणीत असतो. हृदयातल्या विजेच्या वाटेला बहुधा जन्मापासून एक जादा फाटा असतो आणि प्रवाह त्यात अडकून गोल गोल फिरत राहतो. धडधडीत गळ्याशी फडफड होते का, थांबल्यावर वारंवार लघवीला होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदानाला दोन्हींचा उपयोग होतो.

खरी अडचण पुराव्याची. दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके ताळ्यावर आलेले असतात, इसीजी नॉर्मल येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकून माणूस घरी येतो. बायकांच्या वाट्याला हे जास्त. म्हणून निदान झालेलं नसेल तर मोठ्या हॉस्पिटलचा हट्ट धरू नका. इसीजी मशीन असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना गाठा आणि धडधड चालू असतानाच इसीजीची पट्टी काढून घ्या. घरी कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर असेल तर तो बोटाला लावा आणि आकड्याचा, वेळेसकट फोटो काढा. इसीजी काढणारं घड्याळ असेल तर उत्तमच. नाडी हाताला वेडीवाकडी, कशीही पडत असेल तर ते वेगळं दुखणं असू शकतं, त्याची तपासणी लवकर हवी.

निदान पक्कं झालं असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर घरी करायचा उपाय असा. १० मिलीची नवी सिरिंज, सुई न लावता, आधीच आणून ठेवा. दट्ट्या दोन-तीनदा मागेपुढे करून मोकळा करा, नवा दट्ट्या चिकटलेला असतो.

१. पाठीला उशा लावून अर्धवट टेकून बसा. सिरिंजच्या टोकाला ओठ घट्ट लावून १५ सेकंद फुंका. दट्ट्या जेमतेम हलेल एवढाच जोर हवा.

२. फुंकणं संपताक्षणी सोबतच्याने उशा काढून तुम्हाला सपाट आडवं करायचं आणि दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरायचे.

३. पुन्हा टेकून बसा. पाऊण मिनिटाने नाडी बघा. धडधड थांबली नसेल तर आणखी एकदा करा.

पाय उचलणं हा नुसता सोपस्कार नाही, सगळी गंमत तिथेच आहे. पायातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं आणि ठोके आवरणारी नस जागी होते. इंग्लंडमधल्या आपत्कालीन विभागांत झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसतं फुंकून १०० पैकी १७ जणांची धडधड थांबली, पाय उचलल्यावर ४३ जणांची. फसतं ते बहुधा मधे पाच-दहा सेकंद वाया गेल्याने, म्हणून धडधड नसताना घरच्यांसोबत एकदा तालीम करून ठेवा. काचबिंदू, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, हृदयाची झडप अरुंद असणं किंवा नुकताच हार्ट अटॅक आलेला असेल तर हे करू नका. डोळे दाबणं आणि मानेची नस चोळणं घरी कुणीच करायचं नाही.

चक्कर येऊन पडायला झालं, छातीत दुखलं, दम लागला किंवा दोन प्रयत्नांनंतरही धडधड वीस-तीस मिनिटं टिकली, तर १०८. स्वतः स्कूटर काढू नका. आणि फोनवर ‘अटॅक आलाय’ म्हणू नका, ‘एसव्हीटी आहे, ठोके १८० आहेत’ असं सांगा. नाहीतर निम्मा वेळ समजावण्यात जातो.

हॉस्पिटलात बहुधा अ‍ॅडेनोसिन हे धडधड थांबवणारं इंजेक्शन देतात, ६ मिलिग्रॅम, गरज पडली तर पुढे १२. काही सेकंद छाती आवळून जीव चालल्यासारखं वाटतं, मग निवळतं. दमा असेल तर आधीच सांगा. त्याच दिवशी भरपूर चहा-कॉफी झाली असेल तरी सांगा, औषध कमी चालतं. इंजेक्शन देताना इसीजी चालू ठेवा म्हणावं, आणि ती पट्टी मागून घ्या: पुढच्या डॉक्टरला तीच लागते.

रोजच्या जगण्यात कडक पथ्य नाही. जागरण, जुलाब, कडकडीत उपास, दारू आणि सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, एवढ्यांवर लक्ष ठेवा. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी चालू असेल तर ‘बरं वाटतंय’ म्हणून एकदम बंद करू नका, ठोके उलट उसळतात.

वारंवार होत असेल तर वर्षानुवर्षं गोळ्या खाण्यापेक्षा अ‍ॅब्लेशनचा विचार आधी करा. जांघेतल्या शिरेतून तारा नेऊन तो जादा फाटा जाळतात. नेहमीच्या प्रकारात १०० पैकी ९५च्या आसपास लोक बरे होतात. पेसमेकर लागण्याची वेळ क्वचित येते, पण किती जणांवर, हे त्या डॉक्टरला सरळ विचारा. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते तारीख ठरवण्याआधी आरोग्यमित्राकडून कळून घ्या.