बुद्धिबळ स्पर्धेतल्या डावाआधीची तयारी

आदली संध्याकाळ नवे ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करण्यात घालवू नये. पांढऱ्या सोंगट्या आल्यास आरंभ कोणत्या चालीने करायचा आणि काळ्या आल्यास इ४ व डी४ (पांढऱ्याने राजासमोरचे किंवा वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे नेणे) यांना काय उत्तर द्यायचे, एवढे ठरलेले असावे. समोरचाही हौशीच असल्याने दहाव्या चालीपर्यंत तो पाठांतराची वाट सोडण्याचाच संभव अधिक. उरलेल्या वेळात राजा-प्याद्याचे एक-दोन शेवट पटावर मांडून पाहावेत आणि वेळेवर झोपावे.

घड्याळाचा हिशेब मात्र कागदावर करावा. ९० मिनिटे आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर अशी वेळ असेल, तर ४० चालींना ११० मिनिटे मिळतात, म्हणजे चालीमागे सरासरी पावणेतीन मिनिटे. या गतीने विसाव्या चालीनंतर घड्याळात ४५ मिनिटे शिल्लक दिसायला हवीत. या वेळेत शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, म्हणून दोन पेन जवळ ठेवावेत. फोनबाबत आयोजकांचा नियम आधीच विचारून घ्यावा, कारण परवानगीविना तो खिशात सापडला तर पटावर एकही चूक न करता डाव जातो.

हाताची सवयही तपासावी. सोंगटी केवळ नीट बसवायची असेल तर आपली पाळी असतानाच, आणि तसे आधी बोलून, तिला हात लावावा. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करताना आधी राजा उचलावा, तेही एकाच हाताने. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचे कॅसलिंग त्या चालीला करता येत नाही आणि हत्तीच हलवावा लागतो.

बरोबरी मागण्याची रीत मी स्वतः डाव गमावून शिकलो. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते; तशी ती येणार होती, मी उत्साहाने चाल खेळलो, घड्याळ दाबले आणि मग पंचांना बोलावले. ती चाल आधी स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहून, सोंगटीला हात न लावता, घड्याळ थांबवून पंचांना सांगायची असते. माझी मागणी फेटाळली गेली, प्रतिस्पर्ध्याने शांतपणे वेगळी चाल केली आणि वीसेक चालींत माझा राजा अडकला. तेव्हापासून फेरी सुरू होण्याआधी हा क्रम मी मनात एकदा म्हणून घेतो: लिहिणे, थांबवणे, सांगणे.