सातबाऱ्यावरून मागे मागे जात 1947 नंतर आपल्या गावात काय बदललं ते कसं शोधायचं

शाळेत आपण काय शिकलो, तर स्वातंत्र्यानंतर कसेल त्याची जमीन झाली. दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला. पण तुमच्या गावात नेमकी कोणाची गेली, कोणाला मिळाली आणि कोणाला मिळायला पाहिजे होती पण नाही मिळाली, हे पुस्तकात नाहीये, ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये फडक्यात बांधून ठेवलंय, आणि काढायला काही पीएचडी लागत नाही, तीन-चार चकरा आणि चिकटपणा लागतो बस. मी आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका गटाचं, म्हणजे एका नंबरच्या जमिनीचं, केलंय त्यावरून सांगतो.

पहिलं काम, आजचा सातबारा काढा. महाभूलेख या सरकारी साइटवर नुसता बघायला फुकट आहे, डिजिटल सहीवाला पाहिजे तर 15 रुपये. मालकाचं नाव वगैरे सोडा, ते तुम्हाला माहितीच आहे. खाली "जुने फेरफार क्र." असा एक चौकोन असतो, त्यातले सगळे नंबर वहीत उतरवून घ्या. फेरफार म्हणजे गाव नमुना 6 मधली नोंद, जमिनीवरचं नाव का बदललं त्याची दोन-चार ओळींची गोष्ट. सातबारा हा फक्त निकाल आहे, मॅच फेरफारात आहे.

मग बहुतेक जण अडकतात ते गट नंबरवर. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली पुढे गावोगावी योजना राबवली, छोटे तुकडे एकत्र करून गट पाडले, त्यामुळे आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर असतो आणि तुमच्याकडे गट नंबर, आणि दोन्ही जुळत नाहीत. घाबरू नका, तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात एकत्रीकरण योजनेचा उतारा मागा, 9(3) 9(4) म्हटलं की तिथल्या माणसाला कळतं. ज्या गावात योजना झालीच नाही तिथे हा ताप नाही, सर्व्हे आणि हिस्सा नंबर तसेच चालू आहेत.

आता फेरफारांच्या नकला. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन होऊन "आपले अभिलेख" साइटवर आलेत, आधी तिथे बघा, नसतील तर तहसीलला अर्ज. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर नावाला कंस केलेला दिसला म्हणजे ते नाव कमी झालं, आणि शेजारी गोलातला आकडा म्हणजे कुठल्या फेरफाराने ते. फार जुनं असेल तर मोडी लागेल, त्याला वाचणारा गाठा, उगाच अंदाजाने वाचू नका, मी एकदा वाचलं आणि चुलत्यांना आठवडाभर चुकीची गोष्ट सांगत होतो.

खरी मजा, किंवा मजा नाही म्हणा, कुळकायद्याच्या नोंदींत आहे. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. कायदा 1948 चा, पण 1956 ला दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. मग शेतजमीन न्यायाधिकरण कलम 32ग खाली किंमत ठरवणार, साध्या कुळाला आकाराच्या, म्हणजे त्या जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, 20 ते 200 पट, ती हप्त्याने भरली की 32म चं सर्टिफिकेट. हे शब्द फेरफारात शोधा. सर्टिफिकेट असेल तर सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात "कु.का. (कुळकायदा) कलम 43 चे बंधन" असा शेरा दिसेल, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. 2014 पासून सर्टिफिकेटला 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या 40 पट नजराणा सरकारला भरून विकता येते, म्हणून आता पुष्कळांचा तो शेरा उडालेला असतो, पण जुन्या उताऱ्यावर राहतोच.

पण फक्त 1957 बघून थांबू नका, माझं म्हणणं असंय की त्याच्या आधीची आठ-नऊ वर्षं जास्त बोलतात. 1949 ते 57 मध्ये कुळाचं नाव "राजीनामा दिला", "राजीखुशीने कब्जा सोडला" असं लिहून कमी झालंय का बघा. कायदा येतोय हे मालकाला आधी कळत होतं, कुळाला नाही. आणि 57 नंतरही असे जबाब सापडतात की "मला जमीन घ्यायची नाही", खाली अंगठा, म्हणून कुळाची खरेदी निरर्थक ठरली, जमीन मालकाला परत. आता जो माणूस वीस वर्षं ती कसत होता तो खुशीने नको म्हणाला असेल का हे कागद सांगत नाही, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. उलट बाजूही आहे बरं का, मालक विधवा, अज्ञान म्हणजे वयाने लहान, किंवा सैन्यात असेल तर खरेदी पुढे ढकललेली असते आणि सगळेच मालक काही वाड्यातले नव्हते. आमच्या भागात तर 48 ला गांधीहत्येनंतर ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली, त्यानंतर काही घरं गाव सोडूनच गेली होती, त्यांच्या जमिनींचे फेरफार वाचताना दोन्हीकडचं वाईट वाटतं.

हे सगळं पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाचं. मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं म्हणून तिथे 1950 चा हैदराबादचा कूळ कायदा, संरक्षित कूळ हा शब्द शोधा. विदर्भात मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेली आणि कूळ कायदा 1958 चा वेगळा. कोकणात 1949 चा खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, रद्द करणारा कायदा बघा, आंबेडकरांनी खोतीविरुद्ध बिल 1937 लाच मांडलं होतं. गोवा 1961 ला मुक्त झाला, तिथला कूळ कायदा 1964 चा.

महार वतनाच्या, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल दिलेल्या, जमिनी वेगळ्या शोधाव्या लागतात. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली, जमीन आकाराची ठरलेली पट भरून वतनदारालाच परत द्यायची होती, नवीन शर्तीने. म्हणजे भोगवटादार वर्ग 2, परवानगीशिवाय विकता येत नाही. अशा गटावर आज कोण बसलंय आणि मधल्या फेरफाराला कलेक्टरची परवानगी होती का, एवढं जरी बघितलं तरी गावाचा अर्धा इतिहास कळतो.

बोजे, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाच्या नोंदी, पण वाचा, लोक सोडून देतात. तगाई (सरकारी शेतीकर्ज), बंडिंग (बांधबंदिस्ती), सोसायटीचं पीककर्ज, विहिरीला भूविकास बँक. सरकारचा पैसा गावात कुठल्या वाटेने आला ते ओळीने दिसतं. शेजारी पिकांच्या नोंदीचा नमुना 12 ठेवा, आमच्याकडे बाजरी, बाजरी, बाजरी, मग विहिरीचा बोजा आणि तिसऱ्या वर्षी ऊस.

बायकांची नावं कुठे आहेत तेही बघा. आमच्याकडे वारस नोंदीत दोन्ही आत्या आहेत, आणि लगेच पुढचा फेरफार हक्कसोडीचा, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा. थोरल्या आत्याला विचारलं तर म्हणाली तालुक्याला नेलं होतं, येताना लुगडं घेतलं, सही कशावर केली माहीत नाही.

शेवटचं, हे करताना गावात बोभाटा करू नका, कोणाच्या तरी बांधाला हात लागतोच आणि लोकांना वाटतं दावा टाकतोय. खरंच दावा टाकायचा असेल तर हा लेख बंद करून वकील गाठा. आणि रेकॉर्ड रूमला सकाळी जा, सोमवारी नको.