तळटिपांतून वाचलेली राज्यघटना

कायद्याच्या पहिल्या वर्षाला मी राज्यघटना पाढ्यांसारखी घोकली होती. चौदा म्हणजे समता, एकवीस म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, बत्तीस म्हणजे थेट सर्वोच्च न्यायालय. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "एकतीस?" मी गप्प. माझ्या गाईडवाल्याने तो गाळलाच होता आणि मलाही कधी शंका आली नव्हती.

घरी येऊन घटनेची प्रत उघडली. अनुच्छेद ३१ समोर 'वगळला' एवढंच, आणि तळाशी बारीक अक्षरात १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती. नव्याने अभ्यासाला बसणाऱ्यांना मी तेव्हापासून सांगते, तळटिपा असलेली प्रत घ्या आणि सुरुवात तळटिपांपासूनच करा.

या एकतीसचाच माग काढून बघा. संपत्तीचा हक्क मुळात मूलभूत हक्क होता. जमीनदारी संपवणारे कायदे न्यायालयात अडकू लागले, तेव्हा १९५१ मध्ये पहिली दुरुस्ती होऊन नववी अनुसूची आली, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासून वाचवायच्या कायद्यांची यादी. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. गंमत म्हणजे जिने घटना लिहिली ती संविधान सभाच तेव्हा हंगामी संसद म्हणून बसत होती! पुढे गोलकनाथ खटल्यात (१९६७) न्यायालय म्हणालं, संसदेला दुरुस्ती करून मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. १९७१ मध्ये संसदेने चोविसावी दुरुस्ती करून तो अधिकार परत घेतला. मग २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती निकाल आला: तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. दुरुस्ती कुठेही करा, पण मूलभूत संरचना, म्हणजे घटनेचा गाभा, मोडू नका. घटनादुरुस्तीची पद्धत सांगणारा अनुच्छेद ३६८ कितीही वेळा वाचला तरी हे शब्द त्यात सापडत नाहीत. म्हणून माझ्या वहीत उजव्या पानावर घटनेचा मजकूर असतो आणि डाव्या पानावर निकाल. संपत्तीचा हक्क शेवटी ३००क मध्ये गेला. तो घटनात्मक राहिला, मूलभूत राहिला नाही.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनेच ३५२ मधलं, म्हणजे आणीबाणीच्या अनुच्छेदातलं, 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं. १९७५ ची आणीबाणी त्या दोन शब्दांच्या अदलाबदलीत दिसते.

३६८ चं गणित मात्र पाठच करा. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. ही दुसरी अट निम्मा वर्ग विसरतो. राज्यांच्या अधिकारांशी संबंधित काही तरतुदींना निदान निम्म्या विधिमंडळांची मान्यताही लागते.

दुरुस्त्यांच्या आकड्यावरून घटनेची मजबुती जोखू नका. जपानच्या १९४७ च्या घटनेत एकही दुरुस्ती नाही. अमेरिकेत सत्तावीस झाल्या, त्यातली शेवटची १७८९ मध्ये मांडली गेली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली.

आता प्रत उघडून १९(१) काढा. 'ङ' नंतर एकदम 'छ' येतो. मधला 'च' कुठे गेला, ते तुम्ही शोधा.