नंदीवरचं नाव आणि फॉन्टचा परवाना

तान्ह्या पोळ्यासाठी मी लाकडी नंदी रंगवून विकते. पाटीवर मुलाचं नाव असतं, तेच गिऱ्हाईकाला भावतं. मागच्या वर्षी नावांचे स्टिकर कापायला हिंगणघाटला गेले, तर दुकानातल्या भावाने विचारलं, "ताई, हा फॉन्ट विकाच्या मालाले चालते का?" मला ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन फॉन्टची झिप उघडली. आत एक छोटी मजकुराची फाइल होती, मी कधी वाचलीच नव्हती. फक्त वैयक्तिक वापरासाठी, असं स्पष्ट लिहिलेलं. फुकट मिळालं म्हणजे विकायलाही चालतं, हा माझा समज चुकीचा होता. बत्तीस पाट्या तयार होत्या. सगळ्या खरवडल्या; कुणाच्या तरी मेहनतीची अक्षरं आहेत ती.

मग गूगल फॉन्ट्सवरून 'मुक्त' आणि 'बलू' घेतले. दोन्ही 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे, ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखाली. या फॉन्टने छापलेली वस्तू विकता येते, फक्त नुसती फॉन्टची फाइल विकायची नाही. 'बलू'ची जाड, गोल अक्षरं कापायलाही सोपी. वेलांटी तुटत नाही.

चित्रांचंही तसंच. त्यांच्यावर क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे सीसी, परवान्याची खूण बघायची. सीसी झिरो असेल तर बिनधास्त, सीसी बाय असेल तर कलाकाराचं नाव द्यायचं. एनसी, म्हणजे नॉन-कमर्शियल, दिसलं की विक्रीच्या मालावर नाही. कार्टूनवाले नंदी मुलं मागतात, पण विनापरवाना ते मी करत नाही. झूल, घुंगरं आता हातानेच काढते.

परवान्याची फाइल प्रत्येक फॉन्टसोबत फोल्डरमध्ये जपून ठेवली आहे.