जुन्या शेवरोले कॅप्रिसचे इंजिन जोमदार करताना

१९८० च्या दशकातील शेवरोले कॅप्रिसमध्ये ३०५ घन इंचांचे व्ही-८ इंजिन असेल, तर खर्च करण्यापूर्वी आठही स्पार्क प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतल्या हवेवर पिस्टन देतो तो दाब) तपासावे. झिजलेल्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घालणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

माझ्या मते ३०५ वर मेहनत घेण्यापेक्षा ३५० घन इंचांचे इंजिन बसवणे श्रेयस्कर आहे, कारण दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनच्या एका फेरीची लांबी) ३.४८ इंच असला तरी ३५० चा बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) ३.७३६ ऐवजी ४ इंच असतो आणि बाहेरील मापे सारखीच असल्याने ते त्याच जागी बसते. मात्र क्रँकशाफ्टची (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) मागची बाजू डोळ्यांनी पाहून घ्यावी. १९८६ पासून तेथील ऑइल सील एकसंध झाले आणि फ्लँजवरील बोल्टांचे वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आले, त्यामुळे जुनी फ्लेक्सप्लेट (इंजिन गिअरबॉक्सला जोडणारी चकती) नव्या क्रँकला बसतच नाही.

मूळ क्वाड्राजेट कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल मिसळणारा भाग) टाकून देऊ नये; नीट दुरुस्त केलेला क्वाड्राजेट ३५० ला सहज पुरतो. दुहेरी एक्झॉस्ट बसवावा, आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) २.७३ असल्यास ते ३.४२ करावे, म्हणजे ही जड गाडी सिग्नलवरून जोमाने सुटते.